पासवर्ड सांडतो कुठे?

मायएसक्यूएलच्या कमांडमध्येच पासवर्ड लिहून एंटर मारला की काम होतं, आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. आता वरचा बाण दाबा. पासवर्ड जसाच्या तसा पडद्यावर! सेशन संपताना बॅश ती ओळ हिस्टरीच्या फाइलीतही उतरवतो. शिवाय कमांड चालू असताना त्या मशीनवरचा दुसरा युजर 'पीएस' मारून एरवी ती वाचू शकतो. मायएसक्यूएल सुरू होताच तिथला पासवर्ड पुसतो, पण तेवढा क्षण तो उघडाच असतो. हिस्टरीवर तर त्याचा काही इलाज चालत नाही.

मग लोक फाइलीकडे वळतात. पोस्टग्रेसच्या पीजीपास फाइलीची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल, तर पीएसक्यूएल ताकीद देऊन ती फाइल वाचतच नाही. हा खडूसपणा मला आवडतो. डॉकर मात्र वेगळा हेल्पर जोडलेला नसला की पासवर्ड बेस६४ करून कॉन्फिग फाइलीत ठेवतो. दिसायला अगम्य, पण उलगडायला एक कमांड पुरते. ही निव्वळ धूळफेक. डॉकर स्वतःच तशी सूचना देतो. ती वाचतं कोण?

माझा भरवसा 'पास'वर. जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१२ मध्ये आणलेली ही एक शेल स्क्रिप्ट. प्रत्येक पासवर्डाची जीपीजीने कुलूपबंद केलेली वेगळी फाइल. मागितला की चौकट उघडते, पासफ्रेज द्यायची. ती जीपीजी एजंट १० मिनिटं ध्यानात ठेवतो. दर वापराला मुदत वाढते, पण २ तासांपलीकडे नाही. क्लिपबोर्डवर घेतलेला पासवर्ड ४५ सेकंदांनी पुसला जातो. फाइलींची नावं मात्र उघडीच राहतात, म्हणजे तुमची खाती कुठे कुठे आहेत ते 'एलएस' सांगतो.

इथेही एक खोडी आहे. 'पास'ची कमांड डॉलर-कंसात घालून कर्लला दिली, तर हिस्टरी स्वच्छ राहते, पण शेल कंस आधी सोडवतो आणि खरा पासवर्डच कर्लच्या हाती देतो. म्हणजे पुन्हा पीएसची धास्ती. त्यापेक्षा कर्लला कॉन्फिग पाइपमधून द्यावं.

रात्री २ वाजता बॅकअप घेणाऱ्या क्रॉनपाशी पासफ्रेज टाकायला कोणी बसलेलं नसतं. तिथे मी ०६०० ची साधी फाइलच ठेवतो, आणि तिच्यातल्या डेटाबेस युजरला फक्त वाचण्याचे अधिकार देतो.