‘पर्यंत’ म्हणजे नेमके केव्हा?

बँक व्यवहारात रकमेइतकेच महत्त्व मुदतीला असते. करारपत्रे, नोटिसा आणि ई-मेल यांतील मुदती पुष्कळदा इंग्रजीत लिहिलेल्या असतात आणि आपण त्या मनातल्या मनात मराठीत वाचतो. घोटाळा होतो तो येथेच; कारण काळाचा हिशेब दोन्ही भाषा एकाच रीतीने मांडत नाहीत.

आपले ‘पर्यंत’ हे अव्यय पाहा. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत योजना सुरू राहील’ या दोन्ही वाक्यांत आपले काम एकाच शब्दाने भागते. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘बाय फ्रायडे’ हवे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टिल फ्रायडे’. ठरलेल्या वेळेपूर्वी एखादे काम एकदाच उरकायचे असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत अखंड टिकणार असेल तर ‘टिल’. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ असे लिहिल्यास शुक्रवार उजाडेपर्यंत अर्ज देतच राहा, असा गमतीदार अर्थ निघतो!

‘पासून’ची गतही तीच. ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ हे दोन्ही मराठीत शुद्ध. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ वापरते. म्हणून सर्रास कानावर पडणारे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ टाळून ‘फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावे. तसेच ‘कार्ड इन टू डेज येईल’ याचा रूढ अर्थ ते दोन दिवसांनी येईल असा होतो. दोन दिवसांच्या आत हवे असेल तर ‘विदिन टू डेज’ म्हटले पाहिजे.

काही शब्द तर खुद्द इंग्रजीतच संदिग्ध आहेत. ‘बाय-मंथली’ म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, तसेच महिन्यातून दोनदाही. रिझर्व्ह बँकेच्या बाय-मंथली पतधोरणात त्याचा पहिला अर्थ अभिप्रेत असतो. आपल्या ‘द्वैमासिक’ आणि ‘पाक्षिक’ या शब्दांत असा गोंधळ नाही.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या मुदतीत पहिला दिवस वगळावा, हा संकेत १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये नमूद आहे. परंतु न वटलेल्या धनादेशाबाबत न्यायालयात तक्रार दाखल करण्यासाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टने जी एक महिन्याची मुदत दिली आहे, तेथे शब्द आहे ‘ऑफ’. मग पहिला दिवस मोजायचा की वगळायचा? एका दिवसाच्या फरकाने तक्रार मुदतबाह्य ठरू शकत असल्याने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या संदर्भात ‘फ्रॉम’ आणि ‘ऑफ’ यांत भेद नाही, पहिला दिवस दोन्हीकडे वगळावा, असा निर्णय दिला. दोन अक्षरी शब्दाचा निवाडा व्हायला एवढा खटाटोप करावा लागला.

सर्वांनाच कायद्याचा कीस काढता येणार नाही. पण स्पष्ट लिहिणे प्रत्येकाच्या हाती आहे. ‘अर्ली नेक्स्ट वीक’ किंवा ‘एंड ऑफ द मंथ’ असे मोघम न लिहिता ‘३० जून, सायंकाळी ४ वाजता अथवा त्यापूर्वी’ असे लिहावे. समोरच्याने मोघम मुदत दिली असेल, तर तारीख लेखी मागून घ्यावी. मुदत टळल्यानंतर अर्थाचा खल करण्यापेक्षा आधी विचारलेला एक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.