आहे, होतं, असेल, असतं : स्पॅनिशच्या पूर्णकाळांकडे जाणारी मराठी वाट

‘तो एव्हाना जेवला असेल.’ हे वाक्य कानावर पडलं, तर मराठी माणूस त्यावर क्षणभरही अडत नाही. ‘जेवला’ हे भूतकाळाचं रूप, ‘असेल’ हे भविष्यकाळाचं, आणि दोन्ही मिळून निघतो तो अंदाज. स्पॅनिशमध्ये हेच ‘या आब्रा कोमीदो’ असं म्हणतात. ‘या’ म्हणजे एव्हाना, ‘आब्रा’ हे ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाचं भविष्यकाळी रूप आणि ‘कोमीदो’ हे ‘कोमेर’ म्हणजे जेवणे याचं कृदंत. तुकड्याला तुकडा जुळतो. तरीही आपल्याकडे हा काळ बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीनं शिकला जातो. इंग्रजीत अशा अंदाजासाठी सहसा ‘मस्ट हॅव’ येतं आणि त्यात भविष्याची खूणही नसते. म्हणजे घरात असलेली किल्ली टाकून शेजाऱ्याकडे दुसऱ्याच कुलपाची किल्ली मागायची! स्पॅनिशच्या वरच्या पायरीवरच्या पूर्णकाळांची रूपं मराठी माणसाकडे आधीपासूनच आहेत. त्याला नव्यानं शिकायचं आहे ते फक्त त्या रूपांचं वेळेशी असलेलं नातं. या लेखातलं म्हणणं एवढंच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे. ‘लिहिलेली पत्रं माझ्याजवळ आहेत’ अशा रचनेतून ‘मी पत्रं लिहिली आहेत’ हा अर्थ उगवला आणि ‘हाबेरे’चं स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ झालं. कृदंत तेच राहतं, बदलतो तो आबेर: ‘ए एचो’ म्हणजे मी केलं आहे, ‘आबिआ एचो’ म्हणजे केलं होतं, ‘आब्रे एचो’ म्हणजे केलं असेन, ‘आब्रिआ एचो’ म्हणजे केलं असतं. ‘उबे एचो’ असंही एक रूप आहे, पण ते आता जवळपास पुस्तकांतच उरलं आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो मराठीच्या घडणीवरून. मराठीचं साहाय्यक क्रियापद ‘असणे’, स्पॅनिशचं मुळात ‘जवळ असणे’. शिवाय मराठीत क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणजे ‘मी पत्र लिहिलं आहे’ पण ‘मी पत्रं लिहिली आहेत’. स्पॅनिशमध्ये कार्ता म्हणजे पत्र एक असो की दहा, ‘ए एस्क्रितो’ हलत नाही. आक्षेप आजच्या स्पॅनिशपुरता खरा आहे. पण सात-आठशे वर्षं मागे गेलं की चित्र पालटतं. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘ए एस्क्रितास लास कार्तास’ अशी रचना सर्रास सापडते. तिथं कार्तास स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून कृदंतही ‘एस्क्रितास’. आपल्या ‘पत्रं लिहिली’सारखंच. येणं-जाणं अशा अकर्मक क्रियापदांना तर तेव्हा आबेरऐवजी ‘सेर’ म्हणजे असणे लागायचं. ‘एस बेनीदो’ म्हणजे शब्दशः ‘आला आहे’, आणि स्त्री असेल तर ‘एस बेनीदा’, ‘आली आहे’. पुढे आबेरनं सेरला या कामातून हुसकावलं आणि कृदंत गोठलं. व्याकरणकार नेब्रिखानं १४९२ साली स्पॅनिशचं व्याकरण छापलं, तेव्हा लिंगवचन न घेणारं हे कृदंत त्याला इतकं वेगळं वाटलं, की त्यानं त्याला शब्दांची स्वतंत्र जातच बहाल केली. जुनी घडण पुरती संपलेलीही नाही. ‘तेंगो एस्क्रितास दोस कार्तास’ आजही म्हणतात आणि त्याचा अर्थ आपल्या ‘दोन पत्रं लिहून झाली आहेत’ याच्या अगदी जवळ जातो. मराठी माणसाला परकी वाटणारी जागा ही दोन भाषांच्या वाटा फुटल्या ती जागा आहे. ती एकदा दिसली, की ‘आबेरबरोबर कृदंत गोठतं’ हा नियम घोकावा लागत नाही.

सर्वांत मोठी श्रीमंती आहे ती ‘असतं’ची. ‘तू सांगितलं असतंस, तर मी आलो असतो.’ शर्त आणि फळ, दोन्हीकडे एकच रूप. स्पॅनिशमध्ये हे ‘सी मे लो उबिएरास दीचो, आब्रिआ बेनीदो’ असं होतं आणि शिकणारा आबेरच्याच उबिएरा आणि आब्रिआ या रूपांच्या जोडीला घाबरतो. पण फळाच्या बाजूलाही ‘उबिएरा बेनीदो’ चालतं, प्रमाण भाषेत चालतं. म्हणजे मराठीसारखं दोन्हीकडे एकच रूप ठेवून बरोबर वाक्य करता येतं. जपायचं ते एकच: ‘सी’ म्हणजे ‘जर’, त्याच्या मागोमाग आब्रिआ येऊ द्यायचं नाही. बास्क प्रदेशात आणि आसपास ते ऐकू येतं, पण प्रमाण मानलं जात नाही. या उबिएराच्या घराण्याचा इतिहासही विलक्षण आहे. ही ‘-रा’ रूपं लॅटिनच्या साध्या ‘केलं होतं’मधून आली आणि सरकत सरकत ‘केलं असतं’वर येऊन बसली. जुना अर्थ वर्तमानपत्री स्पॅनिशमध्ये अजून तग धरून आहे: ‘एल के फुएरा प्रेसिदेंते’ म्हणजे जो पूर्वी अध्यक्ष होता तो. जुळं भावंड ‘उबिएसे’ मात्र लॅटिनच्या दुसऱ्याच, संशयार्थी रूपातून आलं. शर्तीच्या बाजूला दोन्हींपैकी कोणतंही चालतं. घडून गेलेलं आणि घडता घडता राहिलेलं, यांचं नातं मराठीतही ‘होतं’ आणि ‘असतं’ यांच्या शेजारात दिसतं.

खरा धोका आहे तो दुसरीकडेच. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो; त्यात दुसरी कुठलीच घटना नसते, जाऊन आलो एवढंच सांगायचं असतं. हेच स्पॅनिशमध्ये ‘आबिआ इदो’ म्हणून उतरवलं, तर ऐकणारा वाट पाहत राहतो: कशाच्या आधी गेला होता? तिथं साधं ‘फुई’च हवं. दोष आपल्या व्याकरणातल्या नावाचा आहे. आपण या काळांना ‘पूर्ण’ म्हणतो, म्हणून क्रिया पुरी झाली की तो काळ वापरावा असं वाटतं. इथं आंद्रेस बेयो मदतीला येतो. काराकासमध्ये १७८१ साली जन्मलेल्या या विद्वानानं अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेलं व्याकरण १८४७ साली चिलेत प्रसिद्ध झालं. त्यानं ‘पूर्ण’ हा शब्दच टाकला आणि ‘आंते’, म्हणजे आधी, हा उपसर्ग घेतला. ‘ए कांतादो’, म्हणजे मी गायलो आहे, हा आंतेप्रेसेंते, वर्तमानाच्या आधीचा. ‘आब्रे कांतादो’ हा आंतेफुतूरो, भविष्यातल्या एका क्षणाच्या आधीचा. नाव घेताच वापर कळतो. रूप मराठीचं आणि नाव बेयोचं, अशी सांगड घातली की प्रत्येक वाक्याला ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं तर आबेर, नाही तर साधा भूतकाळ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘नो क्रेओ के आया येगादो’ याचं मराठी ‘तो पोचला असेल असं मला वाटत नाही’ असं होतं. मराठीच्या एका ‘असेल’चे स्पॅनिशमध्ये दोन वाटे पडतात: बोलणारा स्वतः अंदाज करत असेल तर ‘आब्रा’, वाक्य नकार, शंका किंवा भावनेच्या छायेत गेलं तर आबेरचं संशयार्थी रूप ‘आया’. आणि ‘तू आलास याचा आनंद आहे’ यातल्या ‘आलास’ला तर मराठीत साहाय्यक क्रियापदच नाही, पण स्पॅनिश तिथंही ‘आयास बेनीदो’ मागते. इथं मराठी पुरी पडत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण वाट जिथं संपते ती जागा नेमकी माहीत असणं हाही मोठा लाभ आहे; मेहनत सगळ्या तक्त्यावर पसरण्याऐवजी या एका ‘आया’वर एकवटता येते. प्रदेशभेदाचंही तसंच. ‘आज मी पोहे खाल्ले’ यासाठी माद्रिदचा माणूस ‘ए कोमीदो’कडे वळेल, मेक्सिकोचा ‘कोमी’कडे. आपली साधी ‘खाल्ले’ची सवय मेक्सिकोत खपते, माद्रिदमध्ये तिला मुरड घालावी लागते.

शेवटी एक आक्षेप शिकवण्याच्या पद्धतीबद्दल उरतो: भाषा ऐकून-बोलून यावी, मातृभाषेची तुलना अडथळाच ठरते. लहान मुलांबाबत ते पटतं. पण वाढलेल्या माणसाची भाषा त्याच्या बरोबर चालतेच. याचा पुरावा आंदेस पर्वतरांगांमध्ये आहे. तिथं केचुआ आणि आयमारा बोलणाऱ्यांच्या सहवासात ‘आबिआ सीदो’ला नवाच अर्थ आला. ‘होतं’ असं साधं सांगण्याऐवजी ते रूप ‘अरे, हे असं आहे होय!’ असं आत्ता कळल्याचं आश्चर्य सांगू लागलं. त्या लोकांनी आपल्या भाषेची जाणीव स्पॅनिशच्या पूर्णकाळात ओतली आणि एका विशाल प्रदेशाची बोली घडवली. मराठी माणूसही स्पॅनिशकडे ‘आहे, होतं, असेल, असतं’ घेऊनच जाणार आहे. ही शिदोरी नकळत नेली तर ‘गेलो होतो’ घात करील. जाणून नेली, तर ‘आब्रा येगादो’ कानावर पडताच ‘पोचला असेल’ आपोआप मनात उमटेल.