मूक प्राण्यांचे हाल आणि प्रेक्षकांचें अंतःकरण

मनुष्याच्या ठायीं दया उपजत असते कीं ती संस्कारानें येते, हा वाद फार जुना आहे, व त्यांत आज आम्हांस शिरावयाचें नाहीं. क्रौर्य डोळ्यांनीं पाहिल्यावर ती दया कोणत्या वाटेनें जाते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखापुरता आम्ही घेतला आहे. प्राण्यांवर होणाऱ्या अत्याचारांचें यथातथ्य दर्शन घडविणारे अनुबोधपट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच निघाले. आणि आतां ते चित्रगृहाची पायरी न चढतांही घरच्या माजघरांत, हातांतल्या फोनवर दिसूं लागले आहेत. एकत्र कुटुंबांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत कोणाच्या दृष्टीस ते केव्हां पडतील याचा नेम नाहीं. म्हणून हा विषय परदेशचा म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाहीं.

आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. रंगभूमीवर वध प्रत्यक्ष दाखवूं नये, तो घडल्याची वार्ता पात्रांच्या मुखांतून कळवावी, असा संस्कृत नाटकांचा दंडक होता. आणि तो केवळ नाजुकपणापायीं घातलेला नसावा. भरतमुनींनीं चार रस मूळचे मानून त्यांपासून दुसऱ्या चारांची उत्पत्ति सांगितली आहे. त्यांत करुणाचा उगम रौद्रापासून सांगितला आहे. बीभत्सापासून निघतो तो भयानक. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे किळस. करुणाचा स्थायी भाव शोक. किळस आलेला मनुष्य तोंड फिरवितो. शोक झालेला मनुष्य जवळ जातो. तेव्हां रक्ताचे पाट दाखविले कीं दया आपोआप उत्पन्न होते, अशी जी आज कित्येकांची समजूत आहे, ती शास्त्रास धरून नाहीं. अनुभवास ती कितपत धरून आहे, तें आतां पाहूं.

बोलपटांचा जन्म होण्यापूर्वींचें एक उदाहरण प्रथम घेऊं. १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअर या अमेरिकन लेखकानें शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांवर कादंबरी प्रसिद्ध केली. तेथें राबणाऱ्या मजुरांची दैन्यावस्था लोकांपुढें मांडावी, हा त्याचा हेतु होता. वाचकांनीं मात्र आपल्या ताटांत येणारें मांस किती घाणेरड्या रीतीनें तयार होतें, एवढेंच मनावर घेतलें. त्याच वर्षीं मांसतपासणीचा कायदा झाला. मजुरांच्या पदरांत त्या कायद्यानें कांहीं पडलें नाहीं. आपण नेम धरला होता लोकांच्या हृदयावर, पण तो लागला पोटाला, अशा अर्थाचे उद्गार पुढें त्या लेखकानेंच काढले. किळस आणि करुणा यांतील भेद याहून मार्मिकपणें कोणीं सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

प्रेक्षकांच्या क्षोभाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण आमच्या मतें ऑस्ट्रेलियाचें आहे. त्या देशांतून जिवंत गुरें जहाजांत भरून इंडोनेशियांत पाठविण्याचा मोठा व्यापार चालतो. २०१० सालीं अशीं सुमारें पांच लाख गुरें गेलीं. तेथील कत्तलखान्यांत त्यांचें काय होतें, हें पाठविणाऱ्या देशांतील सामान्य लोकांस ठाऊक नव्हतें. पूर्वीं पोलीस खात्यांत नोकरी केलेल्या लिन व्हाइट नांवाच्या बाई मार्च २०११ मध्यें तेथें गेल्या व त्यांनीं स्वतः चित्रण करून आणलें. त्याच्या आधारें सारा फर्ग्युसन यांनीं तयार केलेला ‘ए ब्लडी बिझिनेस’ हा कार्यक्रम ३० मे २०११ रोजीं रात्रीं ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. पायांना दोर लावून गुरें सिमेंटच्या उतारावर पाडणें, शेपट्या पिळणें, मानेवर सुरीचे पुनः पुनः घाव घालणें, हें सर्व त्यांत होतें. गुरें पाडण्याचे ते पिंजरे ऑस्ट्रेलियाच्या मांसव्यवसायाच्या संस्थांनींच पुरविलेले होते, हेंही त्यांत उघड झालें. परंतु या सर्वांहून प्रेक्षकांच्या मनास अधिक झोंबलें तें रक्त नसलेलें एक दृश्य. सोबतचीं जनावरें डोळ्यांदेखत पडत असतांना आपली पाळी येईपर्यंत एक बैल उभ्या जागीं थरथर कांपत होता. त्यांत किळस येण्याजोगें कांहीं नव्हतें. म्हणूनच कोणास तोंड फिरवितां आलें नाहीं.

त्यानंतर जें झालें तें खरोखर विलक्षण होतें. थोड्याच दिवसांत दोन लाखांहून अधिक लोकांनीं निर्यात बंद करण्याच्या अर्जावर सह्या केल्या. आरंभीं सरकारनें कांहीं ठराविक कत्तलखान्यांपुरतीच मनाई केली. पण लोकक्षोभ ओसरेना, तेव्हां ७ जून रोजीं शेतकीमंत्री जो लुडविग यांनीं इंडोनेशियाकडील सर्वच निर्यात स्थगित केली. कार्यक्रम दाखविल्यापासून हा केवळ आठवा दिवस होता. लोकमताचा एवढा सत्वर विजय क्वचितच पाहावयास मिळतो.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. उत्तर ऑस्ट्रेलियांत गुरें एकत्र करून बंदरावर आणण्याचे दिवस ते हेच. कित्येक मालकांचीं गुरें दावणीस तयार होतीं तीं तशींच राहिलीं. इंडोनेशियाचा त्या वेळचा नियम असा होता कीं, ३५० किलोंहून अधिक वजनाचें जिवंत जनावर आयात करावयाचें नाहीं. त्यामुळें थांबलेलीं गुरें जों जों वाढलीं, तों तों तीं त्या बाजारास निरुपयोगी झालीं. मालक, गुराखी, मालमोटारी हांकणारे, सर्वांच्याच पोटावर पाय आला. जीं गुरें आधींच इंडोनेशियांत उतरलेलीं होतीं, त्यांचें तर या बंदीनें कांहींच वांचलें नाहीं. ६ जुलै रोजीं बंदी उठली, ती मात्र एका चांगल्या नियमासह: निर्यात करणारानें आपलें प्रत्येक जनावर जहाजापासून कत्तलखान्यापर्यंत कोठें जातें याचा हिशेब दिला पाहिजे, व त्याच्या हालांची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली पाहिजे. पुढें २ जून २०२० रोजीं तेथील फेडरल न्यायालयानें मंत्र्यांचा तो सरसकट बंदीचा हुकूम बेकायदेशीर ठरविला व मालकांच्या बाजूनें निकाल दिला.

यावरून लोकांनीं खवळावयास नको होतें, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. ते खवळले नसते तर तो नियम झालाच नसता. एवढेंच कीं, क्रोध दार उघडतो. आंत जाऊन घर झाडण्याचें काम त्याच्याकडून होत नाहीं. त्याच देशांतील दुसरी हकीकत पाहावी. ऑगस्ट २०१७ मध्यें आखाती देशांकडे निघालेल्या एका जहाजावर सुमारें २४०० मेंढ्या उष्म्यानें मेल्या. जहाजावरील एका खलाशी अधिकाऱ्यानें केलेलें चित्रण एप्रिल २०१८ मध्यें लोकांनीं पाहिलें. या खेपेस रातोरात बंदी आली नाहीं. चौकशा झाल्या, उन्हाळ्यांतील फेऱ्यांवर निर्बंध आले, आणि अखेर २०२४ सालीं कायदा होऊन समुद्रमार्गें होणारी जिवंत मेंढ्यांची निर्यात १ मे २०२८ पासून बंद करण्याचें ठरलें. सहा वर्षें लागलीं. पण मेंढपाळांस दुसरा मार्ग शोधण्यास अवधि व साहाय्य मिळालें.

‘द कोव्ह’ या २००९ सालच्या अनुबोधपटाची कथा याहून निराळी आहे. जपानांतील ताइजी गांवीं डॉल्फिन माशांस — वस्तुतः ते मासे नव्हत, सस्तन प्राणीच होत — खाडींत कोंडून कसें मारतात, हें त्यांत गुप्तपणें टिपलेलें आहे. अमेरिकेंत त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें. जपानांत मात्र निदर्शनें झालीं, कांहीं चित्रगृहांनीं खेळ रद्द केले, आणि ३ जुलै २०१० रोजीं तो मोजक्या चित्रगृहांत कसाबसा झळकला. आमच्या कोळ्यांस क्रूर म्हणणारे हे परके लोक गाई-डुकरें खात नाहींत काय, असा तेथील लोकांचा सवाल होता. शिकार अद्यापि चालू आहे. दुसऱ्याच्या पापाचा पाढा वाचल्यानें पापी मनुष्य सुधारण्याऐवजीं आपल्या पापाचा अभिमान धरूं लागतो, हा घराघरांतला अनुभव राष्ट्रांनाही लागू पडतो.

याच्या उलट ‘ब्लॅकफिश’ या २०१३ सालच्या अनुबोधपटानें प्रेक्षकांस दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवूं दिलें नाहीं. १९८३ सालीं आइसलंडजवळच्या समुद्रांत पकडलेला टिलिकम नांवाचा ओर्का जन्मभर हौदांत राहून खेळ करीत होता. त्याच्या हातून माणसेंही मेलीं. हे खेळ पाहावयास तिकिटें काढून जाणारे तेच प्रेक्षक. अनेकांनीं मुलांना तेथें नेणें बंद केलें. कंपनीची प्राप्ति घटली, आणि मार्च २०१६ मध्यें तिनें ओर्कांची पैदास थांबविल्याचें जाहीर केलें. टिलिकम स्वतः जानेवारी २०१७ मध्यें हौदांतच मेला. येथें आरडाओरडीपेक्षां न काढलेल्या तिकिटांनीं अधिक काम केलें.

आतां वाचकांनीं विचारावें कीं, या सर्वांशीं आमच्यासारख्या शाकाहारी घरांचा संबंध काय? मांसाचा कण ज्यांच्या स्वयंपाकघरांत जात नाहीं, त्यांना ही चित्रें पाहून एक सोपें समाधान मिळतें: हें पाप आमचें नव्हे. हेंच समाधान आम्हांस धोक्याचें वाटतें. २००५ सालचा ‘अर्थलिंग्ज’ नांवाचा अनुबोधपट पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यांतील कातड्याच्या व्यापाराचा भाग आपल्याच देशांतला आहे. लांबच्या वाटेनें थकून बसलेलीं गुरें उठावीं म्हणून त्यांच्या शेपट्या मोडल्याचें व डोळ्यांत मिरची घातल्याचें त्यांत दाखविलें आहे. त्या कातड्याचें पायताण घालणारा मांस खातो कीं नाहीं, हें जनावरास ठाऊक नसतें.

रेशमाची गोष्ट तर याहून अवघड. आपण सोवळ्यास मुकटा, कद, पीतांबर नेसतों. अखंड तंतु मिळावा म्हणून पाखरूं बाहेर पडण्यापूर्वींच कोश वाफेवर किंवा उकळत्या पाण्यांत घालतात, व आंतील जीव मरतो. एका पीतांबरास असे कोश हजारोंनीं लागतात. देवापुढें बसण्याच्या वस्त्राची ही उत्पत्ति. आणि दूध? गाय-म्हैस व्याल्यावांचून दूध देत नाहीं, व जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. मग गोऱ्ह्याचें किंवा रेडकाचें होतें काय, हा प्रश्न चहाचा पेला तोंडाला लावतांना कोणाच्या मनांत येतो? आम्ही दूध सोडा असें सांगत नाहीं. नैवेद्याच्या वाटींतील दुधाचें माहेर कोठें आहे, हें विचारण्याचें धैर्य ठेवा, एवढेंच म्हणतों.

अशीं चित्रें घरांत पाहावीं कीं नाहीं, याविषयीं आमचें मत थोडक्यांत असें आहे. लहान मुलांस तीं मुळींच दाखवूं नयेत. ज्या दुःखावर मुलास कांहींच उपाय करतां येत नाहीं तें त्याच्यापुढें मांडल्यानें तें घाबरतें, किंवा फार झालें तर निबर होतें; दोन्ही वाईट. त्यापेक्षां अंगणांतल्या कुत्र्याला उन्हाळ्यांत पाणी ठेवण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. मोठ्यांनीं पाहावयाचें तर एकट्यानें रात्रीं फोनवर पाहून झोप घालविण्यापेक्षां दोघांचौघांनीं मिळून पाहावें व नंतर बोलावें. घरांतील एखाद्या सुनेनें वा नातवानें तें पाहून अमुक एक वस्तु वापरणार नाहीं असें म्हटलें, तर वडील मंडळींनीं थट्टा करूं नये. आणि त्या तरुण माणसानेंही वडिलांना जेवणाच्या पानावर क्रूर ठरवूं नये. ताइजीच्या लोकांवर ज्या उपायाचा परिणाम झाला नाहीं, तो सासऱ्यांवर होण्याचा संभव कमीच.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत पाठलागानें भ्यालेलें हरिण धांवतें. अभिनवगुप्तासारख्या रसज्ञानें भयानक रसाचें उदाहरण म्हणून तोच प्रसंग घेतला आहे. प्रेक्षक त्या हरणाबरोबर धांवतो, त्याचें भय आपलें मानतो. परंतु कालिदासानें तेवढ्यावर थांबविलेलें नाहीं. तपस्वी आडवा येतो, हें आश्रमाचें हरिण, याला मारूं नको म्हणून सांगतो, आणि दुष्यन्त धनुष्यावर चढविलेला बाण उतरवितो. राजा रडत नाहीं, व्याख्यान देत नाहीं, मृगया करणाऱ्या इतर राजांस शिव्याही देत नाहीं. आपल्या हातांतला बाण तेवढा परत भात्यांत ठेवतो. कोणतेंही करुण दृश्य पाहून झाल्यावर प्रत्येक घरानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न तोच आहे: आपल्या हातांत कोणता बाण आहे, आणि तो उतरवितां येईल काय? एका वेळीं एक उतरविला, तरी पुष्कळ झालें.