आजोबांचा कोट आणि गाडगेबाबांचा खराटा

एपिसोड ऐकायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. आजोबा गेले तेव्हा त्यांचा एकच धड फोटो होता. अकोल्याजवळच्या आमच्या वावरातला. डोक्याला दुपट्टा, एक हात बैलाच्या पाठीवर, मागे कपाशी. फ्रेमसाठी दिला, तर स्टुडिओवाल्याने छातीपर्यंत कापला, मागे निळा रंग टाकला आणि वरून कोट-टाय चढवला! आजीने पाहिलं अन् म्हणाली, "हे कोन होय बापा?"

आता बघा, चेहरा तोच होता. एक सुरकुतीही बदलली नव्हती. मग ओळख कुठे गेली?

याचं उत्तर मला अमरावतीत सापडलं. इथल्या कोणत्याही पोराला गाडगेबाबांचं चित्र काढायला सांगा. नाक-डोळे जमणार नाहीत, पण खराटा, डोक्यावर गाडग्याचं खापर आणि चिंध्यांचे कपडे हमखास येतील. आणि आपण ओळखतो! माणसाचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 1876, शेंडगाव. लोकांनी नाव ठेवलं ते त्या गाडग्यावरून.

त्यांचं चित्र पूर्ण उंचीचं का शोभतं? कारण खराटा जमिनीला टेकायला हवा. आपली नजर चेहऱ्यावरून हातावर येते, हातावरून खराट्यावर, तिथून खाली मातीत. बाबाही गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. म्हणजे नजरेचा रस्ता अन् माणसाचा दिवस एकच. तेच चित्र पासपोर्ट साइजमध्ये कापा, उरतो फक्त एक दाढीवाला म्हातारा.

अजून एक, हे माझं मत हं. बाबा कुणाला पाया पडू देत नसत. म्हणून उंच चौथऱ्यावरच्या पुतळ्यापेक्षा समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवर काढलेलं त्यांचं चित्र मला जास्त खरं वाटतं. खालून वर बघितलं की माणूस मोठा दिसतो, पण लांबही जातो.

तुकडोजी महाराजांचं असंच, हातात खंजिरी असली की चित्रातून आवाज येतो.

मग मोबाईलवर काय करायचं? पोर्ट्रेट मोड मागचं सगळं धूसर करतो. चहाच्या टपरीवाल्याची टपरीच पुसली तर काय राहिलं, राजेहो? तेव्हा तो मोड बंद ठेवा. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन-तीन पावलं मागे सरका, हवं तर 2 एक्स झूम घ्या. आजी खाली बसली असेल तर तुम्हीही खाली बसा. ती बाजूला बघत असेल तर त्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडा. आणि हात कापू नका! वऱ्हाडातल्या माणसाचं अर्धं आयुष्य हातावर लिहिलेलं असतं.

आमचा मूळ फोटो शेवटी मावशीच्या जुन्या मोबाईलमध्ये सापडला. बैलासकट मोठा करून घेतला. कोटवाले आजोबा आता मागच्या खोलीत असतात. यंदा पोळ्याला आजीने फोटोतल्या बैलालाही कुंकू लावलं.