धुंधुरमासातला ‘बडा दिन’

डिसेंबरचा मध्य उलटला की बनारसच्या गल्ल्यांतून सकाळी उशिरापर्यंत धुके हटत नाही. मुंबईहून येणारी महानगरी आणि पुण्याहून येणारी ज्ञानगंगा किती तास रखडली आहे, याची चौकशी दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांतल्या मराठी घरांतून सुरू होते. नाताळच्या सुट्टीत मुले, सुना, नातवंडे येणार असतात. निवृत्त आजोबा वरच्या मजल्यावरची बंद खोली उघडतात, ऊन पडेल त्या दिवशी गाद्या गच्चीवर टाकतात. आजी बाजरी दळून आणते. वर्षभर दोन माणसांच्या बेताने चाललेले घर आठ-दहा दिवसांसाठी पुन्हा भरणार असते.

‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. बनारसमध्ये त्याच दिवसाला ‘बडा दिन’ म्हणतात. काशीतल्या मराठी घरात हे दोन्ही शब्द चालतात, पण हा सण त्यांच्या देवघरातला नव्हे. तरीही गणपती, दसरा, दिवाळी यांपेक्षा आजी-आजोबांचे डोळे आता याच सुट्टीकडे लागतात. कारण साधे आहे. गणपतीत बंगळूरच्या कचेरीत रजा मिळत नाही. दिवाळीत एका नातवाची शाळा बंद, तर दुसऱ्याची परीक्षा. परदेशात असलेल्या लेकीला थंडीतली सलग सुट्टी मिळते ती नाताळातच. घरच्या सणाला न जमणारे कुटुंब दुसऱ्यांच्या सणाच्या सुट्टीत एकत्र येते.

काशीवासाचे उलटे चित्र

काशीतली मराठी वस्ती काही आजकालची नाही. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. सध्याचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधले. शिंदे, भोसले यांच्या नावांचे घाट आजही गंगेकाठी उभे आहेत. हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये याच शहरात जन्मले आणि त्यांनी ‘आज’ दैनिकाचे संपादन केले.

ख्रिस्ती धर्माशीही इथल्या मराठी समाजाचा संबंध जुना आहे आणि तो एका घराच्या दुभंगातून गेलेला आहे. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ मध्ये बनारसमध्ये जन्मली. आई लवकरच गेली आणि मुलगी इंग्रज कुटुंबांत वाढली. पुढे ती इंग्लंडला गेली, स्तोत्रकर्ती म्हणून नावाजली आणि १८८० मध्ये भारतात परतली. त्या काळी धर्म बदलला की घर तुटे. आज घरे तुटत नाहीत, नोकरीच्या वाटेने पांगतात.

पूर्वी महाराष्ट्रातली म्हातारी माणसे शेवटचे दिवस काढायला काशीला येत आणि मुले त्यांना इथे पोहोचवून परत जात. आता पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्यांची मुले पुण्या-मुंबईला, बंगळूरला, परदेशात जातात आणि आई-वडिलांनी काशी सोडून आपल्याकडे यावे म्हणून आग्रह धरतात.

भाकरी, मलइयो आणि गिरजाघर

नाताळ नेमका धुंधुरमासात येतो. सूर्य धनु राशीत असतानाच्या या महिन्यात पहाटे स्वयंपाक करून उगवतीला नैवेद्य दाखवायचा आणि तेव्हाच जेवायचे, ही मराठी घरांची जुनी रीत. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. रात्री बारापर्यंत जागणाऱ्या नातवंडांना आजी त्या वेळी उठवते तेव्हा पहिल्या दिवशी कुरकुर होते. मग आजोबा युक्ती करतात. ‘उठलात तर मलइयो,’ असे सांगितले की पांघरुणे बाजूला होतात.

मलइयो ही बनारसची खास थंडीतली मिठाई. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचे आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढायचा. केशर-वेलची घातलेला हा फेस मातीच्या कुल्हडात मिळतो. तो संपला की त्याच कुल्हडात वरून केशरी दूध ओतून देतात. उन्हे चढली की हा फेस बसतो, म्हणून चौखंबा-ठठेरी बाजार भागात सकाळीच जावे लागते. आजोबांचे बोट धरून गल्लीतून जाताना नातवाला गायी चुकवायला, ‘राम राम’ला उत्तर द्यायला शिकता येते. या गोष्टी फोनवरच्या भेटीत शिकवता येत नाहीत.

पंचवीस तारखेलाही बनारसमध्ये आजोबांकडे दाखवण्यासारखे पुष्कळ असते. पंडित मदनमोहन मालवीय यांचा जन्म २५ डिसेंबर १८६१ चा. त्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात या दिवशी मालवीय भवनात पुष्पप्रदर्शन भरते. विश्वविद्यालयात नोकरी केलेल्या आजोबांना तिथले प्रत्येक झाड ओळखीचे असते. संध्याकाळी छावणी भागातल्या सेंट मेरीज महागिरजाघराच्या आवारात जत्रा असते. गव्हाणीचा देखावा पाहायला येणाऱ्यांत ख्रिस्ती माणसांपेक्षा इतरच अधिक. गोदौलियाजवळच्या चौकाचे तर नावच ‘गिरजाघर’. बनारसच्या रिक्षावाल्याला ते नाव सांगायला कोणाला अवघड वाटत नाही.

आठ दिवसांचे गणित

पण भरलेल्या घराला वादही असतात. आजोबांची झोप पहाटे चारला उघडते आणि त्यांच्या खाकरण्याने सारे घर जागे होते. नातू हिंदी-इंग्रजीत बोलतो आणि आजीचे मराठी त्याला अर्धेच कळते. सुनेला स्वयंपाकघरात मदत करायची असते, पण डबे कुठे आहेत ते माहीत नसते आणि सासूला विचारलेले आवडत नाही. शिवाय सुनेलाही आई-वडील असतात. तेही याच सुट्टीची वाट पाहत असतात. ‘दहा दिवसांतले चारच आमच्या वाट्याला,’ असे म्हणताना आजी-आजोबांनी व्याह्यांच्या घराचाही हिशेब मनात धरलेला बरा.

पैशाची बाजूही आहे. निवृत्तिवेतनाच्या घरात आठ दिवस दहा माणसे जेवली की महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते आणि आजोबा ते बोलून दाखवत नाहीत. उलट प्रवासही आता महाग झाला आहे. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मुलाने जाताना आईच्या हातात पाकीट ठेवण्यापेक्षा आल्याबरोबर वाणसामान भरून टाकले, तर कोणाचाच मान दुखावत नाही.

थंडीची काळजी वेगळी. कडाक्यात रक्तदाब वाढतो, म्हणून पाहुण्यांसमोर नेम मोडायचा नाही या हट्टाने अंधारात गंगास्नानाला जाण्यात शहाणपण नाही. ऊन वर आल्यावरही गंगा तीच असते. निखाऱ्यांची बोरसी बंद खोलीत ठेवून झोपणे तर जीवघेणे. तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

शेवटच्या रात्रीचा प्रश्न

सामान बांधून झाले, नातवंडे झोपली, की मुलगा विषय काढतो, ‘अण्णा, आता तुम्ही दोघं तिकडेच चला.’ दरवर्षी हा प्रश्न शेवटच्या रात्रीच निघतो आणि म्हणूनच दरवर्षी अर्धवट राहतो.

मुलाचे म्हणणे खोटे नसते. गल्लीतल्या दगडी घराच्या जिन्याच्या पायऱ्या उंच, गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. अण्णांचेही खोटे नसते. इथे सर सुंदरलाल रुग्णालयातले डॉक्टर ओळखीचे, दूधवाला हाक मारतो, दुपारी घाटावर चार माणसे भेटतात. पुण्याच्या सातव्या मजल्यावर मुलगा-सून कामाला गेल्यावर दिवस कोणाशी बोलून घालवायचा? घराचीही चिंता असते. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामाचे उद्‌घाटन झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या. तेव्हापासून मंदिराच्या आसपासच्या जुन्या घरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. कुलूप लावलेले घर दलालांच्या नजरेत लगेच भरते. भाऊबंदांचे हिस्से आणि जुने भाडेकरू असतील तर गुंता अधिकच.

हा निर्णय भावनेच्या भरात, रात्री अकराला, गाडीच्या आदल्या दिवशी होऊ नये. सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारी, सगळ्यांनी बसून बोलावे. त्यात सूनही असावी, कारण तिच्याच घरात दोन माणसे वाढणार आहेत. घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर वकिलाच्या सल्ल्याने करावे. पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. पण ती अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, म्हणून ती दानपत्रातच लिहिलेली असावी. यात अविश्वास नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ते कार्डही मुलगा घरी असतानाच काढून घ्यावे.

आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असायला हवे असेही नाही. बनारसचा मे-जून म्हाताऱ्या जिवांना सोसत नाही. ते दोन महिने पुण्याला काढावेत, गणपतीच्या आत घरी परतावे आणि नाताळात मुलांनी यावे. एक-दोन वर्षे असे करून पाहिले की कोणाला काय जमते ते कळते. मोठा निर्णय मग तेवढा मोठा राहत नाही.

जानेवारीत घर पुन्हा दोघांचे होते. संक्रांत, म्हणजे बनारसची ‘खिचडी’, जवळ आलेली असते. आजी तिळाच्या वड्या थापते, आजोबा पुडा बांधून टपालात टाकतात. वरची खोली मात्र यंदा बंद करू नये. रोज झाडली, खिडकी उघडली, तर उन्हाळ्यापर्यंत तिला कुबट वास लागत नाही.