जेवला का, खाल्ले का, हादडले का?

मंडळी, महाराष्ट्रात कुठेही जा, दारात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. सातारा-कोल्हापूरकडे म्हणतील, 'जेवलास का रं?' खानदेशात विचारतील, 'जेवन व्हयनं का?' वऱ्हाडात 'जेवन झालं काय?', मालवणात 'जेवलंस काय?', आणि सीमा ओलांडून गोव्यात गेलात तर 'जेवण जालें?' प्रश्न एकच, माया एकच. बोली मात्र दर पन्नास कोसांवर कूस बदलते. आज आपण ह्या रोजच्या शब्दांकडे जरा थांबून पाहणार आहोत. विषय साधा दिसतो. पण त्याच्या पोटात शाळेतला एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि शेवटी मला गुरुजींशी व बाईंशी त्याबद्दलच बोलायचे आहे.

प्रथम 'जेवणे' आणि 'खाणे' ह्या दोघांचा फरक पाहू. शेतावरून आलेल्या माणसाने चार शेंगा तोंडात टाकल्या, तर तो 'खातो', जेवत नाही. भाकरी-कालवण किंवा भात-आमटी घेऊन तो पानावर बसला, म्हणजे 'जेवतो'. ही नुसती पोट भरण्याची क्रिया नव्हे. तिला बैठक आहे, वाढणारे माणूस आहे, रीत आहे. म्हणूनच 'खाणे' हा शब्द भलभलत्या ठिकाणी जाऊन बसला. माणूस मार खातो, बोलणी खातो, भाव खातो, कच खातो, डोके खातो आणि पैसेही खातो. पण 'अमक्याने पैसे जेवले' असे कधी ऐकले आहे का? 'जेवणे' ह्या शब्दाचे पावित्र्य लोकांनी जपले. कोणा व्याकरणकाराने हुकूम काढला नव्हता. बोलणाऱ्यांनीच ते ठरवले.

आता ह्या दोन शब्दांच्या भोवती जमलेला गोतावळा पहा. आमटी पातळ असली आणि ओंजळीने सुर्र आवाज करीत घेतली, तर ती 'ओरपली'. ताक किंवा पेज 'भुरकली'. हाड 'चोखले', सुपारी 'चघळली', कणीस 'कुरतडले'. तोंडात मावत नाही इतके कोंबले, तर 'बोकाणा भरला'. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर 'ताव मारला', 'आडवा हात मारला', ताट 'फस्त केले'. खाण्याची तऱ्हा, पदार्थाचा पातळपणा, खाणाऱ्याची घाई, बोलणाऱ्याचा राग, हे सगळे एका क्रियापदात येते. परक्या भाषेत जे सांगायला एक वाक्य खर्चावे लागेल, ते आपली आजी एका शब्दात सांगून मोकळी होते.

हे शब्द आले कुठून? बहुतेक कामाच्या जागेवरून. गुराख्याने 'चरणे' दिले: 'दिवसभर चरत असतो नुसता!' घोडेवाल्याने 'तोबरा' दिला. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला दाणे घालून बांधायची पिशवी. आज घोडा गेला, पण 'पानाचा तोबरा' राहिला. आणि मारामारीने तर भरभरून दिले. पाच भाकऱ्या 'हाणल्या', लाडू 'चापले', पुरणपोळ्या 'झोडल्या'. भुकेलेल्या माणसाला अन्न म्हणजे जिंकायचा गड वाटतो, हे ह्या शब्दांवरून कळते.

परंतु कोणता शब्द कोणापुढे काढायचा, ह्याचे तारतम्य हवे. आई चिडून मुलाला म्हणते, 'गिळ आता!' त्यात राग थोडा आणि काळजी अधिक असते. तोच शब्द जावईबुवांना 'गिळलंत का?' असा लावून पहा, सोयरीक मोडेल. खेड्यातले चार वर्षांचे पोरही हा भेद न शिकवता जाणते. म्हणजे बोली 'नियम नसलेली' असते, हा समज खोटा. तिचे नियम कडक असतात. फक्त ते छापलेले नसतात.

मुलुख बदलला की ताटातली नावेही बदलतात. देशावर भाकरीबरोबरच्या पातळ पदार्थाला 'कोरड्यास' म्हणतात, 'कालवण' म्हणतात. कोकणात सकाळची 'न्हेरी' आणि मग पेज. पुण्या-मुंबईकडे जो 'बटाटा', तो नागपूरकडे 'आलू'. एकाची पोळी ती दुसऱ्याची चपाती, आणि पोळी म्हणजे पुरणाचीच असे मानणारा तिसरा. ह्यांत खरे कोण? सगळेच खरे. पीक, पाऊस आणि शेजार ह्यांनी हे शब्द घडवले.

शेजाराचे म्हणाल, तर मी ज्या वांद्र्यातून हे लिहितो आहे त्याचाच दाखला घ्या. आज वांद्रे म्हटले की उंच इमारती आणि सिनेनट डोळ्यांपुढे येतात. पण चिंबई, रानवार, पाली ही इथली जुनी गावठाणे. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीच आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले. माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलुख पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत, दोनशे वर्षे इथे पोर्तुगीज अंमल होता. त्याची खूण ह्या घरांतल्या ताटात सापडते. सणाला तळलेले 'फुगे' होतात; शब्द आपल्या 'फुगणे'तून आलेला, अस्सल मराठी. शेजारच्याच भांड्यात 'सोरपोतेल' आणि 'विंदालू' असते. ती नावे पोर्तुगीजांची. विंदालूमधला 'आलू' ऐकून पुष्कळजण त्यात बटाटे शोधतात. तो आलू नव्हे. पोर्तुगीज भाषेत 'आल्यो' म्हणजे लसूण, त्याचे ते रूप आहे.

पण हसू नका. आपल्या सगळ्यांच्याच घरात हे पाहुणे ठाण मांडून बसले आहेत. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई हे खाण्याचे शब्द, आणि चावी, बादली, पगार हे व्यवहाराचे शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांतला 'बटाटा' तर मूळचा पोर्तुगीजांचाही नव्हे. तो वेस्ट इंडीज बेटांवरच्या आदिवासींचा शब्द. गंमत अशी, की आपल्याकडे जसा बटाटा-आलूचा वाद, तसाच तिकडे स्पॅनिश बोलणाऱ्यांत आहे. स्पेनमध्ये बटाट्याला 'पाताता' म्हणतात, तर दक्षिण अमेरिकेत 'पापा'.

स्पॅनिशचे नाव निघालेच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. त्या भाषेत 'खाणे' ह्याला पुस्तकी शब्द 'कोमेर'. पण आपल्या 'हादडणे-चापणे'सारखे गल्लीतले शब्दही तिथे मुबलक. 'पापेआर' हा लहान मुलांच्या बोबड्या बोलातून आलेला, आपल्या 'मम्मं'च्या जातीचा. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस शहराच्या 'लुनफार्दो' बोलीत म्हणतात 'मोर्फार'. इटलीहून पोट भरायला आलेल्या लोकांच्या बोलीचा तिथे मोठा ठसा आहे. आणि स्पेनमध्ये एक शब्द आहे 'खामार'. त्यातला पहिला 'ख' घशातून घासून काढायचा. हा शब्द ऐकून तुमचे कान टवकारले असतील, आणि ते योग्यच आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली रोमा, म्हणजे जिप्सी, मंडळी देशोदेशी हिंडत १४२५ च्या सुमारास स्पेनमध्ये पोचली. त्यांच्या भाषेत 'खा' हाच धातू होता. त्यांच्याकडून तो स्पेनच्या रस्त्यावर उतरला. संस्कृतातला 'खाद्', आपला 'खाणे' आणि स्पेनमधला 'खामार' ही एकाच घरची भावंडे. रोमा लोक पाण्याला अजूनही 'पानी' म्हणतात.

आता शाळेकडे येऊ. कोळीवाड्यातला, आगरवस्तीतला, खानदेशातला मुलगा वहीत 'पानी' लिहितो, 'जेवन' लिहितो. त्यावर तांबडी रेघ ओढली जाते, आणि वर शेरा पडतो: 'अशुद्ध'. कधी सगळा वर्ग हसतो. गुरुजी, जरा विचार करा. 'पाणी' हा शब्द संस्कृत 'पानीय' वरून आला. त्यात न आहे. 'जेवणे' ज्याच्यापासून निघाले त्या 'जेमन' शब्दातही न आहे. मग न म्हटल्याने शब्द बाटला कसा? सातासमुद्रापलीकडचा 'बटाटा' आपण शुद्ध मानतो, आणि पोराच्या आजीचा शब्द अशुद्ध ठरवतो, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, 'मग काय परीक्षेत वाटेल ते लिहू द्यायचे?' तसे मुळीच नव्हे. प्रमाण मराठी हवीच. चंद्रपूरच्या माणसाचा अर्ज सावंतवाडीच्या कचेरीत वाचता आला पाहिजे. पुस्तक सर्वांना सारखे कळले पाहिजे. त्यासाठी एक सामाईक भाषा लागते, आणि ती शिकवणे हे शाळेचे कामच आहे. परंतु सामाईक म्हणजे श्रेष्ठ नव्हे. परगावी जाताना आपण ठेवणीतला सदरा घालतो; म्हणून घरातला सदरा कोणी चुलीत घालीत नाही. मुलाला 'हे चूक' असे सांगण्याऐवजी 'घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगितले, तरी त्याचे मन मोडत नाही, आणि नवे रूपही पक्के होते. ज्याच्या तोंडचा पहिला शब्दच हसण्यावारी जातो, ते मूल दुसरा शब्द बोलायला धजत नाही. पुष्कळ हुशार पोरे वर्गात गप्प बसतात, त्याचे एक कारण हे आहे.

एक सोपा उपक्रम सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. फळ्यावर तीन रकाने आखा: 'आमच्या घरी', 'दुसऱ्या गावी', 'पुस्तकात'. मुलांना सांगा, की आजी-आजोबांकडून खाण्याजेवणाचे दहा शब्द विचारून आणा. दाते आणि कर्वे ह्यांनी १९३२ ते १९३८ ह्या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. त्यात प्रांतोप्रांतीचे किती शब्द आहेत ते तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन पहा. तुमच्या मुलांनी आणलेला एखादा शब्द त्यात नसेलही. तर तो तारीख, गाव आणि अर्थ घालून वहीत उतरून ठेवा.

हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. पदार्थ गेला की त्याचे नाव जाते. पेज सुटली की 'भुरकणे' विसरते, पंगत मोडली की 'आडवा हात' उरत नाही. पिकाचे बियाणे राखून ठेवायचे असते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शब्दांचे बियाणे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ते आहेत तोवर विचारून घ्या.