व्हॉल्व्ह स्प्रिंगचे गणित

जालना म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बियाणे आणि लोखंडी सळई. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून केलेली सळई गवंडी वाकवतो आणि ती वाकलेलीच राहते. तो तिचा गुण. आज मी ज्या पोलादाविषयी बोलणार आहे, त्याचा गुण नेमका उलटा आहे. कितीही वेळा दाबा, ते पुन्हा पहिल्या जागी यायला हवे. हे पोलाद म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग.

मोटारसायकलची शर्यत खेळू पाहणारी मुले मला हमखास विचारतात, “काका, कडक स्प्रिंग टाकली तर गाडी जास्त पळेल का?” उत्तर असे की स्प्रिंग ताकद देत नाही, ती फक्त व्हॉल्व्हला शिस्त लावते.

व्हॉल्व्ह उघडतो तो कॅममुळे. तो कॅमला धरून परत मिटवायचे काम स्प्रिंगचे. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदा उघडतो. विहिरीवरचे ऑइल इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर व्हॉल्व्ह सेकंदाला साडेबारा वेळा उघडतो. शर्यतीच्या गाडीचे 9000 फेरे धरले, तर 75 वेळा. वेग सहापट झाला. पण व्हॉल्व्हचे वजन आणि उचल तीच ठेवली, तर त्याला आवरायला लागणारे बळ 36 पट होते, कारण हे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. ते कमी पडले की व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगतो, वेळेवर मिटत नाही आणि काही इंजिनांत पिस्टनवर आदळतो.

मग कडकच घ्यावी? नाही. जादा दाबाने कॅम आणि रॉकर झिजतात, व्हॉल्व्हची बैठक ठोकली जाते आणि घर्षणात ताकद वाया जाते. म्हणून लागेल तेवढाच दाब, थोडी राखीव शिल्लक ठेवून घ्यावा. त्याआधी व्हॉल्व्ह आणि वरची वाटी हलकी करता आली, तर स्प्रिंगचे काम आपोआप कमी होते.

आता बसवण्याचे गणित पाहू. समजा, व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंगची उंची 32 मिलिमीटर आणि दाब 20 किलो आहे. दर मिलिमीटरला दाब 3 किलोने वाढतो. व्हॉल्व्ह 8 मिलिमीटर उघडला, तर दाब 44 किलो होईल आणि उंची 24 राहील. सगळे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची साडेबावीस असेल, तर दीड मिलिमीटर मोकळीक उरली. खाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला, तर दोन्ही दाब दीड किलोने वाढतील, पण मोकळीक एकच मिलिमीटर उरेल. वॉशरवर वॉशर चढवत गेलात, तर एक दिवस वेढे टेकतील आणि काहीतरी मोडेल. वाटी खालच्या ऑइल सीलला लागत नाही ना, हेही मोजून पाहावे. प्रत्येक व्हॉल्व्हची उंची वेगळी मोजावी. एकीवरून दुसरीचा अंदाज करू नये.

आणखी एक गोष्ट. जास्त फेऱ्यांवर स्प्रिंग स्वतःच थरथरते. त्यासाठी एकात एक अशा दोन स्प्रिंगा वापरतात किंवा वेढ्यांमधले अंतर कमीजास्त ठेवतात. अशा स्प्रिंगची दाट वेढ्यांची बाजू खाली, सिलिंडर हेडकडे असावी. स्प्रिंग पकडीने ओढू नये. तारेवरचा बारीकसा ओरखडाही पुढे तडा होतो. तुटलेल्या स्प्रिंगमुळे व्हॉल्व्ह खाली पडला, तर भरधाव गाडीचे इंजिन तिथेच जाम होते. मागे बसलेल्या माणसाचाही जीव त्यावर अवलंबून असतो.

मोठ्या कंपन्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. मर्सिडीजने 1954च्या शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही यांत्रिक जोड बसवली. रेनोने 1986 साली फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा आणली.

नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचे बंधन आहे. तेव्हा रोजच्या गाडीला कंपनीने सांगितलेलीच स्प्रिंग घालावी. शर्यतीच्या इंजिनाचे काम असेल, तर मिस्त्रीला आधी एवढेच विचारावे: उंची किती, दाब किती आणि मोकळीक किती? हे तीन आकडे कागदावर लिहून मिळाले, तरच हेड मिटवू द्यावे.